जावळीचं ते उत्तर मी पेपरातून का काढलं

मेढ्यात राहून जावळीवर पेपर लिहायचा, म्हणजे घरचंच काम, असं वाटलं होतं. चंद्रराव मोऱ्यांनी शिवाजी महाराजांना धाडलेलं ते उद्धट उत्तर इथं पोराटोरांना पाठ. मीही पहिल्याच पानावर टाकलं. सरांनी समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला : आधार?

शोधायला बसलो. जेधे शकावलीत शके १५७७, पौष, म्हणजे जानेवारी १६५६ : महाराजांनी जावळी घेतली. कोरडी नोंद, संवाद नाही. सभासदानं बखर जिंजीला लिहिली, घटनेनंतर सुमारे ४० वर्षांनी. तिच्यात रघुनाथ बल्लाळ बोलणी करायला जातो आणि चंद्ररावाला मारतो. पत्रं तिथंही नाहीत. ती येतात मोऱ्यांच्या बखरीतून. ती बरीच नंतरची, आणि जदुनाथ सरकारांनी ती ग्राह्य धरली नाही.

आता खरी अडचण. आवडीचं वाक्य गळालं आणि सभासदाचा टोचणारा प्रसंग राहिला. मित्र म्हणाला, "तोही गाळ की, कशाला वाद?" पण सभासद लिहीत होता राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. महाराजांना कमीपणा आणायचं त्याला कारणच नव्हतं. म्हणून त्याचं वजन जास्त. तरीही तो प्रत्यक्षदर्शी नाही, हेही मी लिहिलं.

ते उत्तर शेवटी एका ओळीत ठेवलं : "उत्तरकालीन बखरीनुसार". या दोन शब्दांनी महाराज लहान होत नाहीत. पुढच्या वेळी स्टेटस ठेवताना, मंडळी, एवढे दोन शब्द तेवढे जोडा.