तारेपलीकडचीं घरें

सौरविजेचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा एका ठराविक वाटेनें जातात. इ. स. १८३९ मध्यें एदमों बेकरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाला प्रकाशापासून वीज उत्पन्न होते असें आढळलें. १८८३ च्या सुमारास चार्ल्स फ्रिट्स यानें न्यूयॉर्कमध्यें सेलेनियमच्या थरावर सोन्याचा पातळ वर्ख चढवून सौरघट बनविले. १९५४ सालीं बेल प्रयोगशाळेंत सिलिकनचा घट निघाला आणि पुढें तो उपग्रहावर चढून अंतराळांत गेला. तेथून एकदम उडी मारून हे लेखक आजच्या मैलोगणती पसरलेल्या सौरक्षेत्रांवर येऊन ठेपतात. यांतील एकहि विधान खोटें नाहीं. परंतु हा इतिहास वाचतांना असा ग्रह होतो कीं, मोठ्या संस्था, मोठीं सरकारें आणि मोठ्या महत्त्वाकांक्षा यांच्याच आश्रयानें ही विद्या वाढली. आम्हांला हें चित्र अपुरें वाटतें. अंतराळ आणि सौरक्षेत्रें यांच्या मधल्या काळांत पृथ्वीवर सौरघटाला जगविलें तें जेथें विजेची तार पोंचली नव्हती अशा ठिकाणांनीं. समुद्रांतले दिवे, रानांतलीं लाकडी घरें आणि चाकांवर फिरणारीं घरें हेंच सौरविजेचें माहेर होय.

माहेर हा शब्द आम्ही केवळ अलंकार म्हणून योजलेला नाहीं. १९५२ सालीं बेल प्रयोगशाळेंत डॅरिल चॅपिन या इंजिनियराकडे जें काम आलें तें मुळांत सूर्याविषयीं नव्हतेंच. उष्ण व दमट प्रदेशांत दूरवरच्या टेलिफोन यंत्रांना जे कोरडे घट पुरवावे लागत, ते हवेनें लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधावयाचा, एवढीच त्याची कामगिरी. पावसाळ्यांत कोंकणांतल्या घरीं टॉर्चचे सेल पाझरून निकामी झालेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. चॅपिननें प्रथम सेलेनियमचे घट घेऊन पाहिले. त्यांवर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांतला अर्धा भागहि विजेच्या रूपानें हातीं लागेना. त्याच संस्थेंत कॅल्व्हिन फुलर व जेराल्ड पिअर्सन हे दोघे निराळ्याच हेतूनें सिलिकनमध्यें अन्य द्रव्यांचे अंश मिसळून पाहत होते. सेलेनियमच्या मागें लागून वेळ दवडूं नकोस, असें पिअर्सननें त्याला सुचविलें, आणि तिघांच्या खटपटीतून २५ एप्रिल १९५४ रोजीं जो घट जगापुढें आला त्यांत शंभरांतले सुमारें सहा भाग हातीं लागत होते. जमलेल्या लोकांना त्यावर चालणारा एक खेळण्यांतला पाळणा दाखविण्यांत आला. दुसऱ्या वर्षीं, १९५५ च्या ऑक्टोबरांत, जॉर्जिया संस्थानांतील अमेरिकस या गांवाजवळ टेलिफोनच्या खांबावर सौरघटांची पेटी चढली व तिनें आपलें काम चोख केलें. म्हणजे ज्या कामासाठीं हा घट जन्मला तें तारेपलीकडचेंच होतें.

तरीहि प्रयोग तेथेंच थांबला. कारण अर्थात् पैसा. चॅपिननें स्वतःच हिशेब मांडला होता कीं, एका वॅटला २८६ डॉलर या दरानें एका सामान्य घराची विजेची गरज भागवावयाची तर सुमारें १४ लक्ष ३० हजार डॉलर लागतील. एवढ्या किंमतीचा माल घेणारें गिऱ्हाईक त्या वेळीं एकच होतें, तें म्हणजे अंतराळ. १७ मार्च १९५८ रोजीं 'व्हॅनगार्ड' नांवाचा जेमतेम दीड किलो वजनाचा उपग्रह वर गेला. त्यांतील साध्या बॅटरीवरचा प्रेषक लवकरच मुका झाला, पण सौरघटांवरचा प्रेषक १९६४ पर्यंत बोलत राहिला. ही कीर्ति सौरघटाला उपकारक ठरली, तशी कांहीं अंशीं अपकारकहि ठरली असें आम्हांला वाटतें. कारण पुढें अनेक वर्षें त्याची घडण वजन आणि कार्यक्षमता यांकडे पाहूनच होत गेली व किंमतीकडे पाहण्याचें कोणास कारणच उरलें नाहीं.

येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. तारेवांचून घरांत वीज असणें ही अमेरिकेंत नवी गोष्ट नव्हती. १९३५ सालीं त्या देशांतल्या दर शंभर शेतघरांपैकीं सुमारें दहांतच तारेची वीज पोंचली होती. वीज कंपन्यांचें म्हणणें सरळ होतें: एका गिऱ्हाइकासाठीं मैल मैल तार ओढणें परवडत नाहीं. तेव्हां ज्यांच्या गांठीं पैसा होता ते शेतकरी आपली सोय आपण करीत. १९१६ पासून 'डेल्को-लाइट' या नांवाचें घरगुती यंत्र बाजारांत होतें; त्यांत एक लहानसें इंजिन आणि कांचेच्या भांड्यांतील घटांची ३२ व्होल्टची रांग असे. पुढें जेकब्स बंधूंच्या पवनचक्क्या त्याच ३२ व्होल्टवर दिवे व रेडिओ चालवूं लागल्या. रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत १९३५ मध्यें ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें निघालें, १९३६ मध्यें त्याचा कायदा झाला, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जें मिळालीं आणि तारा शेतांतून धांवूं लागल्या. १९५० नंतरच्या दशकांत जेकब्स यांचा कारखाना बंद पडला. त्या पिढींतल्या शेतकरणीला तार येणें म्हणजे मुक्ति वाटली. चूल, धुणें, पाणी यांचा भार हलका झाला. हें लक्षांत ठेवलें पाहिजे. नाहीं तर तारेपासून दूर जाणाऱ्या पुढच्या पिढीचें आपण फाजील कौतुक करूं.

सौरघट पुन्हां जमिनीवर आला तो तेलाच्या पैशानें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. एलियट बर्मन या रसायनज्ञानें एक्सॉन या तेल कंपनीच्या भांडवलावर १९७३ सालीं एक कारखाना काढला. अंतराळासाठीं लागणारी सफाई त्यानें सोडून दिली. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनीं नाकारलेल्या सिलिकनच्या चकत्या त्याला चालत. अशा काटकसरीनें एका वॅटची किंमत शंभर डॉलरवरून वीसवर आली. त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक कोण? मेक्सिकोच्या आखातांतले तेलाचे मचाण. जहाजांना इशारा देण्यासाठीं त्यांवर रात्रीं दिवे व धुक्यांत भोंगे चालावे लागत. त्यांच्या जड बॅटऱ्या नावेंतून आणून बदलाव्या लागत, आणि जुन्या बॅटऱ्या सर्रास समुद्रांत लोटल्या जात. तेथें वीस डॉलरचा वॅट स्वस्तच ठरला. घरवाल्याला जो भाव वेडेपणाचा वाटे तोच दीपवाल्याला फायद्याचा वाटे, आणि या फरकानेंच तो धंदा तगला.

याच सुमारास उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत शहरें सोडून आलेल्या तरुणांचीं लाकडी घरें उभीं राहत होतीं. रॉकेलच्या कंदिलाला ते लवकरच कंटाळले. मोटारीची बॅटरी घरांत आणावयाची, तिच्यावर मोटारीचाच १२ व्होल्टचा दिवा व रेडिओ लावावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं ती मोटारींतून फिरवून पुन्हां भरावयाची, अशी त्यांची युक्ति. या लोकांतल्याच जॉन शेफर यानें १९७८ सालीं विलिट्स या गांवीं 'रिअल गुड्स' नांवाचें दुकान काढलें आणि सौरपॅनेलें किरकोळ विक्रीस ठेवलीं. तीं घेणाऱ्यांत गांजाचे चोरटे मळेवाले बरेच होते, कारण रोख पैसा त्यांच्याजवळ होता व वीज कंपनीचा माणूस दारीं यावा अशी त्यांची मुळींच इच्छा नव्हती. ही गोष्ट सभ्य इतिहासांत दबक्या आवाजांत सांगतात. आम्हांला ती लपविण्याजोगी वाटत नाहीं. १९८७ पासून २०१८ पर्यंत 'होम पॉवर' नांवाचें एक नियतकालिक याच वर्गासाठीं निघत असे.

मोटारीच्या त्या बॅटरीनें पॅनेलाची घडण कशी ठरविली तें पाहण्यासारखें आहे. एका सिलिकनच्या घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी भरावयाची तर १४ हून अधिक व्होल्ट हवेत. शिवाय उन्हानें घट तापला कीं दाब उतरतो. म्हणून ३६ घट एका ओळींत जोडण्याचा प्रघात पडला, आणि पुढें अनेक वर्षें तोच या पॅनेलांचा सांचा राहिला. फिरत्या घरांत हीच १२ व्होल्टची व्यवस्था मुळांतच असल्यामुळें छपरावर पॅनेल बसविणें हें त्यांच्या मालकांना सहज सुचलें.

असें घर चालविणें म्हणजे रोजकीर्द लिहिणें होय. १०० वॅटचें पॅनेल चांगल्या उन्हांत दिवसाला चारशे वॅट-तास देतें. गळती वजा जातां तीनशेंच्या वर धरूं नयेत. दहा वॅटचा दिवा पांच तास जाळला तर पन्नास खर्चीं पडले. पण पाणी तापविण्याची दीड हजार वॅटची कांडी एक तास चालली तर पांच दिवसांची कमाई गेली. शिवाय शिशाची बॅटरी वारंवार अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर तिचें आयुष्य झपाट्यानें खुंटतें, हें इन्व्हर्टरच्या बॅटरींत पाणी घालणाऱ्या आमच्या वाचकांना ठाऊक असेलच. नव्या लिथियमच्या बॅटऱ्यांनीं ही काळजी पुष्कळ हलकी केली आहे, आणि पॅनेलांचा घाऊक भाव आज वॅटला अर्ध्या डॉलरहूनहि खालीं आहे. तथापि ढगाळ आठवड्याचें गणित कोणासच चुकलेलें नाहीं. या राहणीला तिचे चाहते 'स्वावलंबन' म्हणतात. आम्हांला तो शब्द जरा सैल वाटतो. पॅनेल कारखान्यांतून येतें, बॅटरी खाणींतून येते. स्वतःचें असतें तें फक्त मोजमाप. परंतु विजेचा एकेक दाणा मोजून वापरण्याची ही संवय, बटण दाबून मोकळे होणाऱ्या आपणां सर्वांत क्वचितच असते, हेंहि खरें.

ॲरिझोना संस्थानाच्या पश्चिम टोंकाला क्वार्टझसाइट नांवाचें लहानसें गांव आहे. हिवाळ्यांत त्याच्या भोंवतालच्या सरकारी वाळवंटांत असंख्य फिरतीं घरें येऊन मुक्काम करतात. १९८३ पासून तेथें परवाना काढून सप्टेंबर ते एप्रिल असें सात महिने राहतां येतें. तेथें नळ नाहीं कीं तार नाहीं, पण छपरोछपरीं पॅनेलें चमकत असतात. हे बहुतेक निवृत्त लोक. हौसेनें आलेले, आणि उन्हाळा लागला कीं उठून जाणारे.

त्याच संस्थानाच्या ईशान्येस नवाहो लोकांचा प्रदेश आहे. तेथील हजारों घरांत एकविसाव्या शतकांतहि वीज नव्हती, आणि ती कोणी हौसेनें नाकारलेली नव्हती. घरें एकमेकांपासून लांब लांब आहेत आणि तार ओढण्याचा खर्च मोठा, हेंच १९३५ चें जुनें उत्तर त्यांना मिळत राहिलें. याच भूमीवर १९७४ पासून कोळशावर चालणारें २२५० मेगावॉटचें नवाहो वीजकेंद्र धडधडत होतें. त्याच्या तारा फिनिक्स, लास व्हेगस व लॉस एंजल्सकडे जात. त्याच विजेनें कोलोरॅडो नदीचें पाणी चढवून दक्षिणेकडच्या शहरांना नेण्यांत येई. तारांखालीं राहणाऱ्यांच्या घरांत मात्र रॉकेलचे दिवे जळत.

नवाहोंच्या स्वतःच्या वीजसंस्थेनें, जी १९५९ सालीं निघाली, १९९० नंतरच्या दशकांत अशा घरांना सौरसंच देण्यास आरंभ केला. संच घरवाल्याला विकावयाचा नाहीं, संस्थेच्याच मालकीचा ठेवावयाचा आणि महिन्याचें भाडें घ्यावयाचें, ही त्यांतली मेख. बॅटरी बिघडली तर खडकाळ रस्त्यानें गाडी घेऊन तेथवर जाणें हें संस्थेचें काम. आमच्या मतें या साऱ्या इतिहासांत हा सर्वांत शहाणपणाचा करार होय. कारण जुनी बॅटरी बदलण्याचा खर्च गरीब घरावर पडला कीं पॅनेल कितीहि चांगलें असलें तरी घर पुन्हां अंधारांत जातें.

२०१९ च्या नोव्हेंबरांत तें वीजकेंद्र कायमचें बंद झालें. त्याच वर्षीं वसंत ऋतूंत दुसऱ्या संस्थानांतल्या वीजसंस्थांचे तारकामगार नवाहो प्रदेशांत मदतीला आले होते. त्यांनीं खांब रोवले, तारा ओढल्या व कित्येक घरांना पहिल्यानें जोडणी दिली. ज्या घरांपर्यंत त्यांचे खांब पोंचले नाहींत, त्यांपैकीं कांहींच्या अंगणांत सौरपॅनेलें उभीं आहेत आणि त्यांचें भाडें महिन्याच्या महिन्याला भरलें जात आहे.