भुकेचा ठावठिकाणा

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्यातलं लहानसं गाव. 29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील तिथे उपोषणाला बसले आणि गावाचं नाव घराघरांत पोचलं. त्या मागण्यांचा विषय आज माझा नाही. बातम्या ऐकताना मनात आलं ते असं, की भूक मारणाऱ्याचं आपल्याला केवढं कौतुक! ज्याला ती मारता येत नाही त्याला मात्र ‘खादाड’ म्हणून आपण मोकळे होतो. मीही म्हटलंय. शाळेत एका वर्गमित्राला आम्ही ‘भस्म्या’ म्हणायचो. आपला डबा संपवून तो आमच्या डब्यांकडे बघत बसायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

भुकेचा लगाम मेंदूच्या हाती असतो, हे कळायला वैद्यकाला बराच काळ लागला. 1901 साली व्हिएन्नात डॉ. फ्रोलिश यांनी 14 वर्षांच्या एका मुलाची हकिगत मांडली. डोकं दुखायचं, नजर अधू झालेली आणि अंगावर चरबी चढत चाललेली. मेंदूच्या तळाशी, पियुषिका ग्रंथीच्या जागी गाठ होती. मग दोष ग्रंथीचा, की तिच्या वरच्या मेंदूचा? हा वाद बरीच वर्षं चालला. 1940 साली अमेरिकेत हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी ग्रंथीला धक्का न लावता वरच्या हायपोथॅलॅमसला बारीकशी इजा केली. उंदीर बेसुमार फुगले.

1951 साली येल विद्यापीठात आपल्या बालकृष्ण आनंद यांनी ब्रोबेक यांच्यासोबत त्याच भागाच्या दोन्ही कडांना इजा करून पाहिली. उंदरांनी खाणंच सोडलं. समोर अन्न असून ते उपाशी मेले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव ठळकपणे यायला हवं होतं, असं मला वाटतं.

1994 साली लेप्टिन सापडलं. शरीरातली चरबी या संप्रेरकातर्फे मेंदूला निरोप धाडते, ‘साठा पुरेसा आहे, आता पुरे.’ निरोप घेणारंच कुणी नसेल तर? फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानातून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. वजन सुमारे 500 किलो सांगितलं गेलं. खाटेसकट तिला क्रेननं वर उचलावं लागलं. लेप्टिनचा निरोप घेणाऱ्या जनुकातच दोष असल्याचं तपासणीत आढळलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपण मात्र टीव्हीवर ती क्रेनच पाहत राहिलो.

मी रोजे धरतो. मगरिबची अजान होणार, हे ठाऊक असतं. म्हणून दिवस निभावतो. इमानच्या मेंदूत ती अजान कधी झालीच नसेल.

25 सप्टेंबर 2017 रोजी अबुधाबीत ती वारली. जनुकातल्या अशा दोषावरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं ते नोव्हेंबर 2020 मध्ये.