अल्बेरूनीची साक्ष

विजयी सैन्यामागून लुटारू येतात, भाट येतात. जित लोकांची विद्या त्यांच्याच पंडितांपाशीं बसून शिकणारा मनुष्य क्वचितच येतो. अल्बेरूनी हा असा मनुष्य होता.

ख्वारिज्म प्रांतांत इ. स. ९७३ मध्यें जन्मलेल्या या इराणी वंशाच्या ज्योतिर्विदाला, १०१७ सालीं तो देश जिंकल्यावर महमूद गझनवीनें गझनीस नेलें. महमुदाच्या स्वाऱ्यांमुळें पंजाबचा मार्ग त्याला मोकळा झाला आणि चाळिशी उलटल्यावर तो संस्कृताच्या अभ्यासास लागला. एका वस्तूचीं अनेक नांवें, एका शब्दाचे अनेक अर्थ, शिवाय नकलकारांनीं बिघडविलेल्या पोथ्या, या अडचणी त्यानें स्वतःच नमूद केल्या आहेत. तरीहि पोथ्या मिळवितांना त्यानें श्रमांकडे वा पैशाकडे पाहिलें नाहीं. सांख्य व पातंजल योग यांवरील ग्रंथ त्यानें अरबींत उतरविले. उलट युक्लिडची भूमिति संस्कृत श्लोकांत आणण्याचाहि उद्योग आरंभिला.

हिंदुस्थानावरील त्याचा ऐंशी प्रकरणांचा अरबी ग्रंथ १०३० सालचा. हिंदूंचें म्हणणें हिंदूंच्याच ग्रंथांवरून मांडावें व ग्रीकांच्या मतांशीं ताडून पाहावें, ही त्यांतील पद्धति. महमूद त्याच सालीं वारला होता. परंतु गादी त्याच्याच घराण्याची होती. असें असतां, त्या स्वाऱ्यांनीं जिंकलेल्या मुलखाची भरभराट धुळीस मिळाली, शास्त्रें काश्मीर व काशी यांकडे निघून गेलीं आणि हिंदूंच्या मनांत मुसलमानांविषयीं खोल तिटकारा उरला, हें त्यानें आडपडदा न ठेवतां लिहिलें.

हा भाग वाचून आपणांस समाधान वाटतें. परंतु त्याच लेखणीनें आपल्या पूर्वजांचेंहि माप घेतलें आहे. आपल्यासारखा देश नाहीं, आपल्यासारखी विद्या नाहीं, अशा समजुतीनें हे लोक परक्यास विद्या देण्यास नाखूष असतात, असें तो म्हणतो. यवन म्लेच्छ असले तरी शास्त्रज्ञ म्हणून पूज्य मानणाऱ्या वराहमिहिराचा दाखला तो याच प्रसंगीं देतो. ग्रहणाचें खरें कारण जाणणाऱ्या ब्रह्मगुप्तानें राहूची बाजू उचलून धरावी, याचा तर त्याला विषाद वाटतो.

साखौ या जर्मन पंडिताचें इंग्रजी भाषांतर १८८८ सालीं निघालें. तेव्हांपासून हा ग्रंथ इंग्रजी जाणणाऱ्या कोणासहि वाचतां येतो. त्यांतील महमुदाचा दोष तेवढा उचलावा व आपला गाळावा, असा मोह सहज होतो. परंतु साक्षीदार अर्धा मानतां येत नाहीं. धन्याच्या घराण्याची भीड ज्यानें धरली नाहीं, त्यानें आपलीहि धरूं नये, यांतच त्याच्या शब्दाची किंमत आहे.