दाराशी पोहोचणारा कागद

वांगणी म्हटले की मुंबईकरांना कर्जत लोकलच्या वाटेवरचे स्टेशन आठवते. मी ज्या वांगणीविषयी बोलणार आहे ते जव्हार तालुक्यातले. वावर या गावाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले ते एका दुःखद कारणाने. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने आणि आजारांनी आदिवासी मुले दगावली. बातम्या झाल्या, पुढाऱ्यांच्या गाड्या घाट चढून आल्या आणि जव्हार-मोखाडा ही नावे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण गेल्या ईदला भाचा घरी आला. तो एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून म्हणाला, "मामू, दोन पेपर कमी पडतात, नाहीतर बढतीची फाईल केव्हाच सरकली असती." पेपर म्हणजे शोधनिबंध. सकाळी ओपीडी, दुपारी विद्यार्थी, रात्री ड्युटी; संशोधन करायचे केव्हा? पैसे भरले की झटपट निबंध छापून देणारी नियतकालिके त्याला मेलवर मेल पाठवतात. "देऊ का एखादा?" त्याने विचारले. मला चटकन उत्तर देता आले नाही. छापून येण्याची ओढ काय असते, हे कवीला कुणी सांगायला नको! उत्तर शोधायला म्हणून थोडा इतिहास वाचला, तोच आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे डॉक्टरांनी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. अशा माणसाला ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. त्या छोट्याशा निबंधामुळे पुढे कित्येकांना चुकीचे रक्त मिळण्याचा धोका टळला.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत मरत होती. त्यांनी खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सारे टिपले आणि १९८२ मध्ये ती निरीक्षणे 'लॅन्सेट'ने छापली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी पुढे दाखवले. २०११ मध्ये हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केली. या माणसापुढे प्राध्यापकपदाची खुर्ची नव्हती. समोर रोगी होता, आणि तो का मरतो हा प्रश्न होता.

मग बढतीचा आणि निबंधाचा संबंध आला कुठून? केवळ नोकरीची वर्षे मोजून प्राध्यापक होऊ नये, त्याने काही नवे शोधावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. त्याची गरजही होती. डॉ. समीरण नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध निघाला नाही.

पण हेतू चांगला असला तरी मोजपट्टी तोकडी असू शकते. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ मध्ये ठरवले की निबंधाच्या पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल, आणि केवळ इंटरनेटवर निघणारी नियतकालिके धरली जाणार नाहीत. हा नियम भेंड्यांच्या निबंधाला लावून पाहा. त्यावर सात नावे होती. पहिली दोन, भेंडे आणि देशपांडे, पास. तिसरे नाव भाटियांचे. पुढे रक्तगटांच्या शास्त्रात मोठे काम केलेल्या या माणसाच्या फाईलमध्ये शून्य! २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीच या नियमाचा फेरविचार करा, असे लिहिले. २०१७ आणि २०२० मध्ये अटी बदलल्या. २०२० मध्येच कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. निबंधांची मोजणी मात्र राहिली.

आणि जिथे मोजणी आली तिथे दुकान लागणारच. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एका पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला खोटा निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्या दुकानदारांत भारतातले बरेच होते.

आता पुन्हा वांगणीकडे वळू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना नवजात बाळाला तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. बारा वर्षांनी, २०११ मध्ये, केंद्र सरकारने त्याच धर्तीवर देशभर घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. बाळ दवाखान्यात जन्मले तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. घरीच जन्मले तर पहिल्या दिवशीही.

म्हणजे पाहा, गडचिरोलीच्या झोपडीत सुचलेली गोष्ट लंडनला छापली गेली आणि आशाताईच्या पिशवीतल्या वजनकाट्यातून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर परत आली. त्या ताईला 'लॅन्सेट' ठाऊक नसेल. बाळाच्या आईला तर नाहीच नाही. तरी तो कागद तिच्या दाराशी पोहोचला. वावर-वांगणीत मुले गेली तेव्हा असा कागद अजून लिहिलाच गेला नव्हता, ही बोच मनातून जात नाही.

भाच्याला मी फोनवर एवढेच म्हणालो, "बेटा, पैसे देऊन छापू नकोस. तुझ्या वॉर्डात डोंगरातून जे बाळ येते, ते तुझ्यापर्यंत यायला किती तास लागले आणि वाटेत काय झाले, एवढेच वर्षभर लिहून ठेव. पेपर त्यातूनच निघेल."

तो क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, "मामू, त्यात बढती दोन वर्षे लांबेल."

लांबेल. त्याची किंमत त्याच्या घराला मोजावी लागेल, हेही मला कळते. म्हणूनच नियम करणाऱ्यांना माझी विनंती आहे : निबंध किती आणि नाव कितवे हे विचाराच, पण त्याआधी हा कागद कुणाच्या दाराशी जाणार आहे, तेही एकदा विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)