वर्ख आणि प्रकाशाचा घण

काशीच्या गल्ल्यांत चांदीचा वर्ख कुटण्याचा व्यवसाय जुना आहे. चामड्याच्या पुडक्यात चांदीचे तुकडे घालावयाचे आणि फुंकरीने उडेल असा पापुद्रा होईपर्यंत त्यांवर हातोड्याचे घाव घालावयाचे, अशी ही कला. मिठाईवर चढणाऱ्या या पापुद्र्याचे पदार्थविज्ञानाशी काही नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु अणूचे अंतरंग उघडले तेच मुळी सोन्याच्या वर्खाने. १९०९ साली मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन यांनी धातूंच्या अशा पापुद्र्यांवर आल्फा कणांचा मारा केला. काही कण उलटे फिरले, आणि त्यावरून १९११ साली रदरफर्डने अणुकेंद्राचे अस्तित्व ओळखले.

पुढे कणांच्या जागी प्रकाश आला. १९६० साली पहिला लेसर उजळला. परंतु त्याचे स्पंदन फार प्रबळ करू गेल्यास यंत्रातील स्फटिकालाच इजा होई. १९८५ साली डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनी यावर तोड काढली : स्पंदन आधी लांबवावे, मग प्रबळ करावे आणि शेवटी आक्रसून घ्यावे. या युक्तीला २०१८ साली नोबेल पारितोषिक लाभले. सेकंदाचे दशलक्ष अब्ज भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. अशा काही फेम्टोसेकंदांत मावणारा प्रकाशाचा घण आता हाती आला.

२००० साली अमेरिकेत लिव्हरमोर येथे तो धातूच्या पातळ पत्र्यावर पडला. पुढील बाजूचे इलेक्ट्रॉन पत्रा भेदून मागे निघाले आणि तेथे प्रचंड विद्युत्क्षेत्र उभे राहिले. त्या ओढीने ५८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचे प्रोटॉन बाहेर फेकले गेले. सोन्यातून प्रोटॉन आले कोठून? पत्र्याच्या पाठीवर बसलेल्या ओलाव्याच्या व तेलकटपणाच्या थरातून! जो मळ म्हणून पुसून टाकावा, तोच हायड्रोजनचा साठा ठरला.

या कणांचे मोल रुग्णाला अधिक. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा वाटेच्या शेवटी टाकतो, म्हणून अर्बुदापलीकडील निरोगी पेशी बचावतात, हे रॉबर्ट विल्सनने १९४६ सालीच दाखविले होते. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राने २०२३ साली हे उपचार सुरू केले. परंतु खोलवरच्या अर्बुदासाठी २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक ऊर्जा लागते, आणि ती देणारी यंत्रसामग्री शेकडो टन वजनाची असते. ती गावोगावी कशी उभी राहणार?

याच टाटा केंद्राच्या देखरेखीखाली २०१९ साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. पूर्वी मुंबईची वाट धरावी लागे अशा अनेकांना त्याचा आधार झाला. प्रोटॉनही असेच रुग्णाजवळ यावेत, हीच लेसरविषयीची आशा आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात १५० टेरावॉटच्या लेसरने पातळ पत्र्यांतून प्रोटॉन मिळविले गेले. ड्रेस्डेनमध्ये २०२४ साली ऊर्जा १५० दशलक्षांपर्यंत पोचली. तरीही उपचार दूर आहेत, कारण प्रत्येक स्पंदनाचे प्रोटॉन सारख्या ऊर्जेचे निघत नाहीत, आणि रुग्णाला तर मोजून मापून मात्रा द्यावी लागते. एका जोरकस घावाने वर्ख होत नाही, हजारो घाव सारखे पडावे लागतात, हे काशीचा कारागीर केव्हापासून जाणतो.