मामांची बेंझ आणि बँकेचा हप्ता

मागच्या महिन्यात इथं कुणीतरी बेळगावच्या जुन्या पी. बी. रोडवरचा ट्रकांचा फोटो टाकला होता. त्यात पुढे लांब नाक असलेला एक ट्रक होता. तो बघितल्यापासून माझे धाकटे मामा डोक्यातून जात नाहीत. मी बी.कॉम. होऊन १९७३ साली बँकेत लागलो, सदतीस वर्षं कर्जाची कागदपत्रं तपासली. ही गोष्ट त्यातल्याच एका कर्जाची आहे, आणि माझी बाजू तिच्यात फारशी चांगली नाही.

आधी थोडा इतिहास, कारण नव्या पिढीला हे माहीत नसतं.

गोव्याची भाजी बेळगावातून जाते हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९५५ साली भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातली सीमा बंद झाली, कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी रेल्वे थांबली, तेव्हा हा व्यापारही थंडावला. त्या काळात गोव्यात बटाटा हॉलंडहून यायचा आणि तांदूळ पाकिस्तानातून. आमच्या कडोलीचा बटाटा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असून तिकडे जाऊ शकत नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि रस्ता उघडला. बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा हा तो रस्ता. मामा तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे. एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून ते त्या रस्त्यावर गेले आणि पुढची चाळीस वर्षं त्याच रस्त्यावर राहिले.

ट्रक कोणता? तर बेंझ. टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. त्यांच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची. १९६९ ला करार संपला, चांदणी गेली आणि टाटांचा 'टी' आला. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर मात्र पुढेही कितीतरी वर्षं टाटाच्या गाडीला बेंझच म्हणत.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९ जुलै १९६९ ला, चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तोपर्यंत ड्रायव्हरला बँक दारात उभं करत नसे. ट्रक घ्यायचा तर खाजगी फायनान्सवाल्याकडे जायचं, तो सांगेल ते व्याज द्यायचं. राष्ट्रीयीकरणानंतर एक-दोन गाड्यांचे छोटे वाहतूकदार अग्रक्रमाच्या कर्जात आले. शेतकरी, कारागीर यांच्याबरोबर ट्रकवालाही आमच्या टेबलासमोर खुर्चीवर बसू लागला. मी बँकेत लागलो ते याच दिवसांत. आपण काहीतरी चांगलं काम करतोय असं तेव्हा मनापासून वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

त्याच उत्साहात १९८५ च्या दिवाळीत मी मामांना म्हणालो, "दुसऱ्याची गाडी किती दिवस चालवणार? स्वतःची घ्या. कर्ज मिळतंय."

मामा म्हणाले, "हप्ता कसा असतो रे? पावसाळ्यात पण असतो?"

मी हसलो. हा प्रश्न मी पुढे कितीतरी वेळा आठवला आहे.

फेब्रुवारी १९८६ मध्ये कर्ज झालं. नातं असल्यामुळे मंजुरीच्या कागदावर माझी सही नव्हती, मॅनेजरसाहेबांची होती. जामीन माझे वडील. कर्ज १,४४,०००, मुदलाचे ३,००० प्रमाणे ४८ हप्ते, व्याज साडेबारा टक्के, ते वेगळं. म्हणजे सुरुवातीला महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. मी कागदावर हिशोब मांडून दाखवला होता. महिन्याला इतक्या फेऱ्या, इतकं डिझेल, इतका टायर-खर्च, उरलेले इतके. हिशोब बरोबर होता. फक्त त्यात एकही फेरी चुकायची सोय नव्हती.

त्या काळी कारखान्यातून तयार ट्रक क्वचितच यायचा. यायची ती चासी. १९७७ नंतर पुण्याच्या कारखान्यातूनही चासी निघू लागल्या. आमच्या रस्त्यावरून त्या दक्षिणेकडे जाताना आपण सगळ्यांनी पाहिल्यात. नुसता सांगाडा, आणि त्यावर लाकडी खोक्यावर बसलेला, तोंडाला फडकं गुंडाळलेला, गॉगल घातलेला ड्रायव्हर. केबिन आणि बॉडी आपल्या गावचे सुतार, लोहार, पेंटर बांधायचे. त्यामुळे एका ट्रकसारखा दुसरा ट्रक नसायचा. मामांना भाजीसाठी वेगळी बॉडी हवी होती. पण बँकेला कोटेशन आणि बिल ठरलेल्या मुदतीत लागतं, म्हणून घाईत सरसकट बांधतात तशी बंद फाळक्यांची बॉडी बांधली गेली.

तीन-चार महिन्यांनी मामा बँकेत आले. म्हणाले, "बंद फाळक्यात माल उबतो. कोथिंबीर म्हापशाला पोचेपर्यंत पिवळी पडायल्या. खालच्या बुट्ट्या वरच्या वजनानं दबतात. फाळक्यांना फटी पाडतो आणि मध्ये फळ्या टाकून माळा करतो."

मी सांगितलं, "गाडी बँकेकडे तारण आहे मामा. तारणात बँकेच्या लेखी परवानगीशिवाय बदल करता येत नाही. शिवाय आर.टी.ओ. आहे, विमा आहे."

"गाडी माझी नव्हं?"

"कर्ज फिटलं की तुमची."

नियमाने मी बरोबर होतो. परवानगीचा अर्ज मी स्वतः लिहून देऊ शकलो असतो. तो मी दिला नाही, कारण मला ते कटकटीचं वाटलं. हे आज कबूल करतो.

जुलै १९८६ मध्ये पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. मामा अर्धा माल पणजीत उतरवून उरलेला म्हापशाला नेत असत. आता फेरीबोटीपुढे रांग, नाहीतर उसगाव, साखळी, डिचोलीकडून वळसा. भाजी तर सकाळच्या बाजाराची वस्तू. दोन तास उशीर झाला की भाव निम्मा. दोन हप्ते थकले. ऑक्टोबरमध्ये मॅनेजर रजेवर होते, आणि थकबाकीच्या नोटिशींच्या गठ्ठ्यावर मी सह्या केल्या. त्यात मामांची होती. जामीनदार म्हणून वडिलांच्या नावाचीही होती. 'आपणास कळविण्यात येते की' अशी सुरुवात, खाली माझी सही. वडिलांनी ती जेवताना ताटाशेजारी ठेवली आणि काही बोलले नाहीत.

मामांनी थकलेले हप्ते भरले. कसे, तर एकट्याने रात्रंदिवस गाडी चालवून. दुसरा ड्रायव्हर काढून टाकला. संध्याकाळी भाजी भरायची, रात्री घाट उतरायचा, पहाटे माल उतरवून मिळेल ते भाडं घेऊन लगेच वर यायचं. ऑगस्ट १९८७ मध्ये अनमोड घाटात, भर पावसात, मामांचा डोळा लागला. गाडी कड्याच्या दगडी कठड्यावर अडकली. नंदगडचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा क्लीनर होता. त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. मामांना खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना सहन झालं नाही.

गाडी विम्यातून दुरुस्त झाली. पण मामांनी मनाशी काहीतरी ठरवलं होतं. डिसेंबरात ते घरी आले आणि म्हणाले, "गडहिंग्लजच्या एकाला माझी गाडी पाहिजे. त्याची बेंझ मला देतोय. सदुसष्ट सालची. चांदणीवाली."

मला वाटलं चेष्टा करतायत. दोन वर्षांची गाडी देऊन वीस वर्षांची गाडी! बँकेच्या पुस्तकात वीस वर्षांच्या ट्रकची किंमत भंगाराच्या भावाने धरतात. त्यावर कुठलीही बँक एक रुपया देत नाही. मी हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं.

व्यवहार असा होता. मामांच्या गाडीची किंमत धरली १,५०,०००. बावीस हप्ते फिटले होते, सव्वीस राहिले होते, म्हणजे ७८,००० मुद्दल बाकी. ते समोरचा थेट बँकेत भरणार. बेंझची किंमत धरली ६०,०००. वरचे १२,००० मामांना रोख. बेरीज बरोबर जुळत होती. मी म्हणालो, "बावीस महिने जिवाचं रान करून हातात काय आलं? भंगार आणि बारा हजार?"

मामा म्हणाले, "बारा हजार, भंगार आणि रात्र."

त्यावर मी काहीतरी टाकून बोललो. ते लिहीत नाही. मामा उठून गेले आणि पुढे दीड वर्षं आमच्या घराची पायरी चढले नाहीत.

व्यवहार मात्र मीच निस्तरला, कारण कागद माझ्याच टेबलावर होते. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, त्यावरून आर.सी. बुकातली तारणाची नोंद रद्द, मग आर.टी.ओ.ची ना-हरकत, मग नाव बदलणं. गडहिंग्लज महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. बोली एक, सोयरिकी एकमेकांत. पण ट्रक त्या गावातून या गावात यायचा तर दोन राज्यांची परवानगी, दोन राज्यांचा टॅक्स, नवा नंबर. सीमाभागातल्या माणसाला हे सांगायला नकोच. दोन महिने गेले.

मग मामांनी ती बेंझ पी. बी. रोडवरच्या एका गॅरेजच्या आवारात लावली आणि चार महिने तिथंच राहिले म्हटलं तरी चालेल. बारा हजार आणि मामींच्या भिशीचे आठ हजार, एवढंच भांडवल. इंजिन पूर्ण उतरवलं. जे भाग मिळत नव्हते ते उद्यमबागेतल्या लेथवर करून घेतले. आपल्या गावात फौंड्री आणि लेथचं काम किती बारीक होतं हे अशा वेळी कळतं. नमुना हातात ठेवला की तसाच तुकडा करून देणारे लोक होते. ब्रेकचं काम सगळं नवीन केलं, त्यात एक पैसा वाचवला नाही. पाट्यांच्या जुड्या उतरवून भाजीच्या वजनाला बेताच्या बसवल्या. बॉडीला एका पाडलेल्या वाड्याचं सागवान घेतलं. फाळक्यांना चार-चार बोटांच्या फटी, मध्ये काढता-घालता येणारा फळ्यांचा माळा, वर ताडपत्रीला उंच कमानी, म्हणजे पाऊस अडेल पण हवा खेळेल. रीतसर पासिंग करून घेतलं. लांब नाक आणि चांदणी तशीच ठेवली.

आता हिशोब. मी बँकवाला, तो केल्याशिवाय राहत नाही. बेंझ डिझेल जास्त खायची. पहिल्या वर्षात गिअरबॉक्सने दगा दिला, गाडी सात आठवडे उभी राहिली, आणि मामींच्या पाटल्या गहाण पडल्या. गडहिंग्लजच्या माणसाने मामांची गाडी नीट चालवली, कर्ज घेऊन दुसरी घेतली, आणि पुढे त्याच्या चार गाड्या झाल्या. मामांची शेवटपर्यंत एकच. म्हणजे कागदावर मी चुकलो नव्हतो.

पण कागदावर नसलेलंही सांगतो. फटींच्या बॉडीतून माल टवटवीत उतरायचा, म्हणून म्हापशाचे दोन व्यापारी मामांच्याच गाडीची वाट बघत. मामा आठवड्याला चारच फेऱ्या करत. मोठ्या पावसात रामनगरला गाडी लावून झोपत आणि उजाडल्यावर घाट उतरत. भाव कमी मिळाला तर मिळाला. हात मोडलेला तो पोरगा बरा झाल्यावर परत आला. मामांनी त्याला त्याच बेंझवर ड्रायव्हिंग शिकवलं. त्यानंतर त्या गाडीला अपघात झाला नाही.

मे १९८९ मध्ये एका दुपारी आमच्या बोळाच्या तोंडाशी बेंझ उभी राहिली. मामा मानकुरादची पेटी घेऊन आत आले आणि आधी वडिलांच्या पाया पडले. म्हणाले, "भावजी, तुमच्या नावावर आता माझं काही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी बघायला ये की, बँकवाल्या." मी गेलो, फाळक्यांच्या फटींत हात घालून बघितला. मला माफी मागायची होती. तिथं मी टायर किती चालले एवढंच विचारलं. मामांनी तेवढ्यावरच भागवलं.

गाडी २००१ पर्यंत चालली, मग खरोखरच भंगारात गेली. मामा २०११ मध्ये गेले. मामेभावाने त्यांची पेटी उघडली तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन गोष्टी होत्या. बेंझचं आर.सी. बुक, आणि ऑक्टोबर १९८६ ची माझ्या सहीची नोटीस. नोटीस मी मागून घेतली. ती माझ्याकडे आहे.

नंतर नोकरीत असेपर्यंत वाहनकर्जाचा अर्ज आला की मी एक प्रश्न विचारत असे, फॉर्ममध्ये तो नव्हता: पावसाळ्यात किती महिने गाडी उभी राहते? त्याप्रमाणे हप्ते मांडून द्यायचा प्रयत्न करायचो. काही मॅनेजर मान्य करत, काही नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी गोव्याला भाजी नेणारी गाडी होती का? पी. बी. रोडवरच्या बॉडी बांधणाऱ्या सुतारांचे, पेंटरांचे फोटो कुणाकडे असतील तर जरूर टाका. ती माणसं जात चालली आहेत, आणि त्यांच्या कामाची नोंद कुठल्याही खतावणीत नाही.