कुटुंबनियोजनाकडून लैंगिक आरोग्याकडे : मुंबईतील एका संस्थेचा इतिहास

फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९४९ साली मुंबईत निघाली. लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या क्षेत्रातील देशातल्या जुन्या आणि मोठ्या स्वयंसेवी संस्थांत तिची गणना होते. नरीमन पॉइंटच्या बजाज भवनात तिचे मुख्यालय आहे आणि देशभरातील सुमारे ४० शाखांतून तिचे काम चालते. नावात कुटुंबनियोजन असले, तरी आज तिच्या केंद्रांची पायरी चढणाऱ्यांत लग्न न झालेली मुले-मुली असतात, एचआयव्हीची तपासणी करून घेणारे असतात, गर्भपातासाठी आलेल्या बायका असतात आणि मनातली शंका विचारायला दुसरी जागा नसलेली माणसेही असतात. हा पालट व्हायला काही दशके लागली. त्यात संस्थेच्या स्वतःच्या इच्छेइतकाच सरकारी धोरणाचा वाटा होता, आणि कदाचित त्याहून जास्त वाटा दवाखान्यात येणाऱ्या माणसांच्या प्रश्नांचा होता.

संततिनियमन मुंबईला १९४९ मध्ये नवे नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच येथे संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे चिकित्सालय उघडले तेही त्याच वर्षी. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या कर्व्यांना या कामापायी प्राध्यापकी गमवावी लागली. पत्नी मालतीबाईंची साथ आणि ‘राइट एजन्सी’ या नावाने चालवलेली साधनांची विक्री यांच्या जोरावर त्यांनी काम रेटले. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढू लागले. त्यात गर्भनिरोध होताच, पण गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण आणि स्त्रीचे लैंगिक सुख यांवरही उघड चर्चा होती. वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला.

कर्वे एकटे पडले, पण विषय एकटा पडला नाही. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची सोय केली होती. मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ मध्ये ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. संयमाखेरीज दुसरा उपाय गांधीजींना मान्य नव्हता, त्यामुळे ती भेट मतभेदावरच संपली. त्याच महिन्यात त्रिवेंद्रमच्या अधिवेशनात अखिल भारतीय महिला परिषदेने मात्र सँगर यांची बाजू उचलून धरली. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून हे काम हाती घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला आणि तो पडला.

अशा पार्श्वभूमीवर धनवंती रामा राव मुंबईत आल्या. पती सर बेनेगल रामा राव अमेरिकेतले राजदूतपद सोडून १९४९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले होते. धनवंतीबाई महिला परिषदेच्या माजी अध्यक्षा होत्या. फाळणीनंतरच्या मुंबईतली पदपथावरची कुटुंबे आणि एका खोलीत राहणारी दहा-दहा माणसे पाहून त्यांनी या प्रश्नावर समिती जमवली, आणि त्या समितीतून असोसिएशन उभी राहिली. अवाबाई वाडिया त्यांच्या सहकारी होत्या. कोलंबोच्या पारशी घरात १९१३ मध्ये जन्मलेल्या अवाबाई इंग्लंडमधील बॅरिस्टरची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या सिलोनच्या पहिल्या स्त्री. संततिनियमन हा शब्द प्रथम कानावर पडला तेव्हा त्यांना त्याची किळसच वाटली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. मन बदलले ते मुंबईतल्या एका डॉक्टर बाईंच्या बोलण्याने : हिंदुस्थानातली बाई मरेपर्यंत एकतर पोटुशी असते नाहीतर अंगावर पाजत असते.

संस्थेला पहिले यश फार लवकर मिळाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९५२ मध्ये सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा पहिला देश ठरला. त्याच वर्षी २४ ते २९ नोव्हेंबर या काळात असोसिएशनने मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. उद्‌घाटन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी केले. भारत, ब्रिटन, अमेरिका, स्वीडन, नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी, हाँगकाँग आणि सिंगापूर अशा आठ ठिकाणच्या संघटनांनी येथे इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन स्थापन केले. सँगर आणि धनवंती रामा राव या दोघींकडे त्याचे मानाचे अध्यक्षपद आले. कर्वे तेव्हा मुंबईतच ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिक थांबले.

नव्या संस्थेने कर्व्यांची भाषा घेतली नाही. मातेचे आरोग्य, सुखी संसार आणि देशाची प्रगती हे तिचे शब्द होते. सुखाचा विषय तिने बाजूला ठेवला. याला भित्रेपणा म्हणता येईल, पण मंत्री, नगरसेवक आणि घरातली वडीलधारी माणसे यांना बरोबर घ्यायचे तर दुसरी भाषा त्या काळी चालली असती असे दिसत नाही. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी होत्या. साधनांपेक्षा ‘सुरक्षित काळ’ पाळण्याची पद्धत त्यांना पसंत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. अब्राहम स्टोन यांनी म्हैसूरकडील रामनगरम आणि दिल्लीची लोधी कॉलनी येथे तिचा प्रयोग केला. त्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. रोज एक मणी सरकवायचा, हिरवा असेपर्यंत काळजी नाही, लाल आला की पथ्य पाळायचे. हिशेब सोपा होता, पण पाळी नियमित येणाऱ्या बायकांपुरताच. अंगावर पाजणाऱ्या आणि अशक्त बाईच्या पाळीला माळ लागू पडत नव्हती. शिवाय लाल मण्याचे पथ्य नवऱ्याने पाळायचे, याची हमी माळेत नव्हती.

असोसिएशनच्या दवाखान्यांत डायाफ्राम, जेली आणि फेसाच्या गोळ्या दिल्या जात. डायाफ्राम हे भरवशाचे साधन, मात्र त्याचे माप डॉक्टरने तपासून घ्यावे लागते, ते आधी बसवावे लागते, नंतर काही तास ठेवून काढून धुवावे लागते. चाळीतल्या एका खोलीत सासू, दीर आणि मुले यांच्यात हे करायचे कधी आणि सामाईक नळावर धुवायचे कसे, याचे उत्तर परदेशी पुस्तकांत नव्हते. साधन फुकट दिले तरी घरी वापरले जात नाही, हे दवाखान्यांना लवकर कळले. म्हणून घरभेटी, समुपदेशन आणि कार्यकर्त्या तयार करणे यांवर भर आला. नोव्हेंबर १९५४ पासून संस्थेचे ‘जर्नल ऑफ फॅमिली वेल्फेअर’ निघू लागले. लोकसंख्या आणि प्रजनन आरोग्यावरच्या भारतीय संशोधनाला त्यात अनेक दशके जागा मिळाली. १९६० च्या दशकात धनवंतीबाई आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या अध्यक्ष झाल्या आणि असोसिएशनची सूत्रे अवाबाईंकडे आली. ती त्यांनी ३४ वर्षे सांभाळली.

याच सुमारास सरकारने वेग धरला. १९६५ मध्ये गर्भाशयात बसवायचा लूप आला. तो बसवल्यावर रक्तस्राव झाला तर बाईने कोणाकडे जायचे, याची सोय न करताच तो लाखांनी बसवला गेला, आणि तक्रारी वाढल्यावर लोकांच्या मनातून उतरला. १९६८ मध्ये १५ पैशांना ३ या दराने ‘निरोध’ हा कंडोम किराणा दुकानांत आला. कुटुंबनियोजनाचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर झळकू लागला. मुंबई महापालिकेचे डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवरच नसबंदीची केंद्रे उघडली, म्हणजे लोकलमधून उतरलेला माणूस शस्त्रक्रिया करून घरी जाऊ लागला. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालावरून १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेला गर्भ पाडण्याची मुभा त्यात होती, पण ती विवाहित स्त्रीपुरती.

संस्थेची मागणी सरकारने उचलली होती. अडचणही तीच झाली. मागणी ऐच्छिक नियोजनाची होती आणि सरकारी यंत्रणेला मात्र आकडा हवा होता. नसबंदीच्या शिबिरांत असोसिएशनही होती, त्यामुळे आकड्यांच्या या हिशेबापासून ती पूर्ण अलिप्त होती असे म्हणता येत नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. अवाबाईंचा सक्तीला विरोध होता आणि संस्थेची भूमिका तीच राहिली. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीनंतर ‘कुटुंबनियोजन’ हा शब्दच सरकारी फायलींतून गेला आणि त्याच्या जागी ‘कुटुंबकल्याण’ आला. पण खेड्यापाड्यांत आरोग्यसेविका दिसली की पुरुष पळत, ही दहशत नाव बदलून गेली नाही.

याच काळात असोसिएशनचे दोन प्रयोग वेगळ्या वाटेने गेले. एक कर्नाटकातल्या मालूर तालुक्यात. तेथे नसबंदीचे आकडे न मोजता साक्षरता, बालआरोग्य, मुलींच्या लग्नाचे वय आणि उत्पन्नाची साधने यांवर एकत्र काम झाले. बालमृत्यू घटले, लग्नाचे वय वाढले आणि संस्था निघून गेल्यावर गावकऱ्यांनी काम पुढे चालवले.

दुसरा प्रयोग मुंबईत झाला, आणि संस्थेचे स्वरूप बदलले ते त्यामुळे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महिंदर वत्स पूर्वी महिला मासिकांतून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. त्यांना येणाऱ्या पत्रांत मुले किती असावीत हा प्रश्न क्वचित असे. पहिल्या रात्री रक्त आले नाही, स्वप्नदोषाने अशक्तपणा येतो का, लहानपणी काकांनी केलेले नवऱ्याला कळेल का, अशा स्वरूपाच्या प्रश्नांनी ती भरलेली असत. १९७४ मध्ये ते असोसिएशनचे सल्लागार झाले, तेव्हा लैंगिक समुपदेशन आणि शिक्षण सुरू करण्याचा आग्रह त्यांनी धरला. वैद्यकीय व्यवसायातच काहींना हा अश्लील उद्योग वाटला. असोसिएशनने तो स्वीकारला आणि १९७८ मध्ये लैंगिक शिक्षण, समुपदेशन, संशोधन व प्रशिक्षणाचे केंद्र मुंबईत उघडले. कर्व्यांनी १९२० च्या दशकात जो विषय मासिकात घेतला होता, तो पन्नास वर्षांनी समुपदेशकाच्या खोलीत आला. वत्स पुढे २००५ पासून मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात रोजचे सदर लिहू लागले आणि डिसेंबर २०२० मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी निधन होईपर्यंत ते वाचकांना मिश्कील उत्तरे देत राहिले.

गर्भपाताची सेवा देणाऱ्या किंवा त्याचा पुरस्कार करणाऱ्या परदेशी संस्थांना निधी नाही, अशी अट अमेरिकेने १९८४ मध्ये घातली, तेव्हा अवाबाई आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या अध्यक्ष होत्या. अट मानली तर पैसा, नाही तर नाही. फेडरेशनने ती मानली नाही आणि कोट्यवधी डॉलरच्या मदतीवर पाणी सोडले. भारतात गर्भपात कायदेशीर होता आणि असोसिएशनच्या केंद्रांत ती सेवा मिळत होती, तेव्हा अवाबाईंना दुसरे काही करणे शक्यही नव्हते.

१९८६ मध्ये मद्रासमध्ये देशातली एचआयव्हीची लागण प्रथम आढळली. निरोध आतापर्यंत पाळणा लांबवण्याचे साधन होते, ते आता रोग टाळण्याचेही झाले. या साथीने महाराष्ट्रात नव्या संस्था उभ्या राहिल्या. सांगलीत १९९२ मध्ये वेश्याव्यवसायातील स्त्रियांसोबत काम करणारी ‘संग्राम’ आणि मुंबईत १९९४ मध्ये समलिंगी पुरुषांमध्ये काम करणारा ‘हमसफर ट्रस्ट’ या त्यांतल्या ठळक. विवाहित जोडप्यांपुरते पाहण्याची सवय असलेल्या असोसिएशनला या समूहांकडे वळायला वेळ लागला. लोकसंख्येवरील १९९४ च्या कैरो परिषदेने प्रजनन आरोग्य हा हक्क मानला आणि एप्रिल १९९६ पासून भारत सरकारने नसबंदीची ठरवून दिलेली लक्ष्ये अधिकृतपणे मागे घेतली. तरी तिसऱ्या मुलाला रेशन आणि मोफत प्राथमिक शिक्षण नाकारण्याचा विचार २००० मध्ये महाराष्ट्रात पुढे आलाच. असोसिएशनने त्याला जाहीर विरोध केला. अवाबाई तेव्हा सत्त्याऐंशीच्या घरात होत्या. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या केंद्रांत गर्भनिरोधन, गर्भपात, लैंगिक आजारांचे निदान आणि उपचार, एचआयव्ही समुपदेशन या सेवा एका छताखाली मिळतात. सर्वांत अवघड काम किशोरवयीनांचे आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात आमदारांच्या विरोधामुळे शाळांमधले लैंगिक शिक्षण थांबवण्यात आले. त्यामुळे हा भार स्वयंसेवी केंद्रांवर अधिक आला. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीचा संबंध, मग तो तिच्या मर्जीचा असला तरी, गुन्हा ठरवला आणि त्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारक केले. साहजिकच अशा मुली दवाखान्यात यायला कचरू लागल्या. गर्भपात कायद्यातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी २०२१ च्या दुरुस्तीने ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांचा हक्क मान्य केला, आणि गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने विनंती केल्यास पोलिसांना दिलेल्या खबरीत तिची ओळख उघड करण्याची डॉक्टरला गरज नाही, असेही स्पष्ट केले.